‘आला की संपलं’: एका ड्राफ्टमधील शिवन ड्रॅगनचा हिशेब

जुलैतल्या एका पावसाळी रविवारी दादरच्या हिंदू कॉलनीतील आमच्या घरी आठ जण ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाचा ड्राफ्ट (पाकिटांतून एकेक कार्ड निवडून त्यांतून खेळण्याचा प्रकार) खेळायला बसलो होतो. पहिल्या पाकिटातील पहिल्याच निवडीवरून सुरू झालेला वाद रात्रीच्या जेवणापर्यंत चालला. वाद माझ्या अकरावीत शिकणाऱ्या भाच्याच्या निवडीचा होता. एखादे कार्ड किती ताकदवान आहे हे आपण कशावरून ठरवतो, हा प्रश्न त्या दिवशी इतक्या स्वच्छ रूपात समोर आला की तो प्रसंग सविस्तर मांडून ठेवावा असे मला वाटले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू २० आयुष्यगुणांनी सुरुवात करतो (ते संपले की तो हरतो) आणि आपल्या डेकमधून, म्हणजे कार्डांच्या गड्डीतून, सात कार्डे हातात घेतो. दर टर्नला एक लँड (जमिनीचे कार्ड) खाली ठेवता येते, लँडमधून माना, म्हणजे लाल, पांढरा अशा रंगांची शक्ती, मिळतो आणि तो माना खर्च करून क्रीचर (लढणारे प्राणी) किंवा मंत्र खेळता येतात. म्हणून सहा मानाचे कार्ड साधारणपणे सहाव्या टर्नच्या आधी खेळता येत नाही आणि तेव्हाही सहा लँड आलेल्या असल्या तरच ते खेळता येते. या साध्या वाक्यातील ‘तरच’ हा शब्द पुढील साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

आम्ही जो ड्राफ्ट खेळतो तो दुकानातील सीलबंद पाकिटांचा नसून मी अनेक वर्षांत जमवलेल्या ३६० कार्डांच्या क्यूबचा, म्हणजे ठरावीक संग्रहाचा, असतो. त्यात प्रत्येक कार्डाची एकच प्रत आहे. आठ जणांना पंधरा कार्डांची तीन-तीन पाकिटे दिली की ती ३६० कार्डे बरोबर संपतात. प्रत्येक जण पाकिटातून एक कार्ड ठेवतो, उरलेले पाकीट शेजाऱ्याकडे सरकवतो, आणि अशा रीतीने मिळालेल्या ४५ कार्डांतून साधारण २३ कार्डे निवडून त्यांत सतरा लँड घालून चाळीसचा डेक बांधतो. (मुंबईच्या पावसाळ्यात हे करताना पंखा मंद ठेवावा लागतो आणि प्रत्येक कार्डाला स्लीव्ह लागते, नाहीतर चमकीची कार्डे दमट हवेत पापडासारखी वळतात.)

भाच्याच्या पहिल्या पाकिटात विचार करण्याजोगी दोनच कार्डे होती, आणि दोन्ही लाल रंगाची असल्यामुळे तुलना निर्मळ होती. पहिले शिवन ड्रॅगन. हे १९९३ च्या अगदी पहिल्या संचातले कार्ड. सहा माना, त्यांतील दोन लाल; पाच मारतो, पाच सोसतो, उडतो; आणि प्रत्येक लाल मानामागे त्या टर्नपुरता त्याचा मारा एकने वाढवता येतो. दुसरे फ्लेमटंग कावू, २००१ च्या ‘प्लेनशिफ्ट’ संचातले. चार माना, चार मारतो पण दोनच सोसतो, मात्र टेबलावर येताक्षणी एका क्रीचरला चारचा घाव घालतो. भाच्याने क्षणाचाही विलंब न लावता ड्रॅगन ठेवला आणि कावू डावीकडे सरकवला. डावीकडे माझी मावसबहीण बसली होती, जी या टेबलावरची सर्वांत मुरलेली खेळाडू आहे. तिने पाकीट उघडले, कावू पाहिला आणि काही न बोलता तो आपल्यापुढे पालथा ठेवला.

ड्राफ्ट संपल्यावर मी भाच्याला कारण विचारले. त्याचे उत्तर असे होते : “मामा, कावू चांगलाच आहे, पण ड्रॅगन आला की संपलं. कावूच्या चारने तो मरत नाही, लाइटनिंग बोल्टच्या तीनने मरत नाही. चार वेळा मारला की वीस संपतात, आणि माना असला तर दोन वेळातच.” या उत्तरात एकही चूक नाही, हे मला आधीच नोंदवायचे आहे. पाच सोसणारे, उडणारे क्रीचर लाल डेकला जवळजवळ मारता येत नाही आणि बहुतेक डेकना अडवता येत नाही. नवख्या खेळाडूची भूल म्हणून हे उत्तर झटकून टाकणे अन्यायाचे ठरले असते.

आमच्या घरातील नियम असा आहे की डाव संपला की हातात उरलेली कार्डे आणि टेबलावरची स्थिती वहीत लिहायची. त्या वहीमुळेच हा अभ्यास शक्य झाला, कारण नुसत्या आठवणीवर विसंबलो असतो तर ड्रॅगनने जिंकून दिलेला डाव सर्वांना आठवला असता आणि तो हातात पडून राहिलेला डाव कुणालाच आठवला नसता.

पहिल्या फेरीत भाचा जिंकला. निर्णायक डावात दोन्ही बाजू अडकून पडल्या होत्या, समोरच्याचे बारा गुण उरले होते, आणि सातव्या टर्नला ड्रॅगन आला. पुढच्या टर्नला पाच अधिक चार डोंगरांचा (लाल माना देणाऱ्या लँडचा) माना मिळून नऊचा घाव बसला, त्यानंतरच्या हल्ल्यात उरलेले तीन गेले. सगळे टेबल उठून पाहायला आले होते.

दुसऱ्या फेरीत समोर छोट्या पांढऱ्या क्रीचरांचा वेगवान डेक होता. पहिला डाव भाच्याने सहज गमावला. दुसऱ्यात त्याने सुरुवात केली, पहिल्या सात कार्डांतच ड्रॅगन होता, तीन लँड होत्या, आणि त्याने तो हात आनंदाने ठेवला. चौथी लँड वेळेवर आली, पाचवी आलीच नाही. सहाव्या टर्नला तो हरला तेव्हा वहीतील नोंद होती : हातात एक कार्ड, शिवन ड्रॅगन. म्हणजे त्या डावात तो प्रत्यक्षात एक कार्ड कमी घेऊन खेळला होता. प्रतिस्पर्ध्याची सातही कार्डे कामाला लागली होती, याची मात्र सहाच.

तिसरी फेरी मावसबहिणीशी झाली. तिचा डेक लाल-पांढरा होता. एक-एक डाव झाल्यावर शेवटच्या डावात टेबल समसमान होते, दोघांच्या सहा-सहा लँड होत्या आणि भाच्याने सगळा माना खर्च करून ड्रॅगन उतरवला. तिने आपल्या टर्नला एक पांढरा माना देऊन ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ खेळले. हेही १९९३ चेच कार्ड. ते क्रीचरला खेळातून बाहेर काढते आणि मालकाला त्याच्या माऱ्याइतके गुण देते, त्यामुळे भाच्याचे पाच गुण वाढले. पण तिच्याकडे पाच माना शिल्लक होता. त्यातल्या चारांत तिने कावू उतरवला आणि भाच्याचे सर्वांत चांगले क्रीचर मारले. एका टर्नमध्ये त्याची दोन मोठी माणसे गेली आणि तिचे एक वाढले. दोन टर्ननी डाव संपला.

आता विश्लेषणाकडे येतो. सर्वांत आधी एक सोपा पण चुकीचा निष्कर्ष बाजूला काढला पाहिजे, तो म्हणजे ‘ड्रॅगन एका मानाच्या मंत्राने गेला, म्हणून तो कमजोर.’ स्वोर्ड्सने कोणतेही क्रीचर जाते. त्या न्यायाने जगातले प्रत्येक क्रीचर कमजोर ठरेल आणि तुलनेला काही अर्थच उरणार नाही. विचारायचे ते असे, की कार्ड गेल्यावर मागे काय उरले. ड्रॅगन गेल्यावर पाच गुण उरले आणि भाच्याचा अख्खा टर्न वाया गेला. कावू खेळला त्या क्षणी त्याचे अर्धे काम झालेले असते. त्यानंतर त्याला कुणी मारले तरी आधी मारलेले क्रीचर परत येत नाही. किंमत चुकती करताच मोबदला हातात पडणारे कार्ड आणि मोबदल्यासाठी एक टर्न जिवंत राहावे लागणारे कार्ड, यांत मोठे अंतर आहे, आणि ते छापलेल्या आकड्यांत दिसत नाही.

पण माझ्या मते तिसऱ्या फेरीपेक्षा दुसरी फेरी अधिक बोलकी आहे. भाच्याच्या वाक्यातील ‘आला की’ हे दोन शब्द किती महाग आहेत ते मोजता येते, आणि मोजायला कागद-पेन्सिल पुरते. चाळीस कार्डांत सतरा लँड असतील आणि आपण आधी खेळत असू, तर सहाव्या टर्नपर्यंत आपण बारा कार्डे पाहिलेली असतात. त्या बारांत किमान सहा लँड असण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के आहे. दुसरे खेळत असू तर एक कार्ड जास्त मिळते आणि ती ५० टक्क्यांवर जाते. भाच्याने मात्र आपला डेक हलक्या, वेगवान क्रीचरांचा आहे म्हणून एक लँड कमी करून सोळाच ठेवल्या होत्या. सोळा लँडवर हेच आकडे अनुक्रमे ३१ आणि ४२ टक्के होतात. याच सोळा लँडच्या डेकमध्ये, आधी खेळणाऱ्याला सहाव्या टर्नपर्यंत कावूला लागणाऱ्या चार लँड मिळण्याची शक्यता ८२ टक्के आहे. रंगांची अडचण आणि वाईट हात परत करण्याची मुभा या हिशेबात धरलेली नाही. तरीही अंतर इतके मोठे आहे की चित्र बदलत नाही.

हे आकडे मी भाच्याला दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने जे विचारले ते मला फार योग्य वाटले : “म्हणजे दहातल्या सात वेळा माझ्याकडे सहाव्या टर्नला ड्रॅगन नसतोच?” मी म्हटले, तो असतो, पण कागदाचा तुकडा म्हणून असतो. सातव्या, आठव्या टर्नला शक्यता वाढत जाते हे खरे, पण वेगवान डेकसमोर तोवर डाव शिल्लक राहायला हवा.

येथे माझे वडील, जे गॅलरीत पेपर वाचत बसले होते, आपणहून बोलले. त्यांच्या पिढीने गिरगावात ‘तीनशे चार’ खेळत रात्री काढल्या आहेत. ते म्हणाले, “राजाचं चित्र बघून पान उचलायचं नसतं रे. आमच्यात राजा तीनचा आणि गुलाम तीसचा.” खरोखरच त्या खेळात गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २ अशी किंमत असते, चारही रंगांची बेरीज ३०४ होते, म्हणून ते नाव. तिथे निदान किंमत नियमानेच ठरवून दिलेली आहे. आमच्या खेळात ती कुणी ठरवून देत नाही, खेळाडूला स्वतः काढावी लागते, आणि चित्र मात्र तितकेच भारदस्त असते.

छापील आकडे उलट दिशेनेही फसवतात. २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचात ‘स्कलक्लॅम्प’ नावाचे एक मानाचे उपकरण होते. ते क्रीचरवर चढवायला आणखी एक माना लागतो. चढवल्यावर मारा एकने वाढतो, सोसण्याची ताकद एकने घटते, आणि ते क्रीचर मेले की मालकाला दोन कार्डे मिळतात. ‘सोसणे उणे एक’ हे वाचणाऱ्याला नुकसान वाटते. प्रत्यक्षात एक सोसणाऱ्या क्षुल्लक क्रीचरवर ते चढवले की क्रीचर तिथल्या तिथे मरते, म्हणजे एका मानात एका फडतूस कार्डाची दोन नवी कार्डे होतात, आणि हे त्याच टर्नमध्ये पुन्हा पुन्हा करता येते. त्याच वर्षी जूनमध्ये ‘स्टँडर्ड’ या स्पर्धाप्रकारात या कार्डावर बंदी आली. खेळ बनवणाऱ्यांच्याही नजरेतून तो धोका निसटला होता, तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाने ड्रॅगनकडे पाहून चूक केली तर त्यात नवल नाही.

यानंतर आम्ही खरी तपासणी केली. वहीतील तीनही निर्णायक स्थिती टेबलावर जशाच्या तशा मांडल्या आणि ड्रॅगनच्या जागी कावू ठेवून खेळून पाहिले. माझी अपेक्षा अशी होती की कावू तिन्ही ठिकाणी सरस ठरेल. तसे झाले नाही.

पहिल्या फेरीतील स्थितीत कावूने एक क्रीचर मारले, पण अडलेला डाव सुटला नाही. त्या डावाला ड्रॅगनच हवा होता, कारण दोन्ही बाजू थकलेल्या असताना वरून उडत येणाऱ्या पाचच्या माऱ्याला उत्तर नसते. दुसऱ्या फेरीत कावू चौथ्या टर्नला आला, एक क्रीचर मारले, स्वतः दुसऱ्याला अडवून मेला, आणि भाचा सावरला. तो डाव तो जिंकला असता की नाही ते सांगता येत नाही, पण सहाव्या टर्नला हरला नसता हे नक्की. आणि तिसऱ्या फेरीत मावसबहिणीने एक मुद्दा काढला जो मला सुचला नव्हता. ती म्हणाली, “अरे, तू कावू ठेवला असतास तर ड्रॅगन माझ्याकडे आला असता. मीही लालच होते.” ड्राफ्टमध्ये न घेतलेले कार्ड नाहीसे होत नाही, शेजाऱ्याच्या हातात जाते. म्हणून आम्ही तिच्या हातात ड्रॅगन देऊन ती स्थिती दोनदा खेळली. एकदा भाच्याने कावूने मिळवलेल्या आघाडीवर ड्रॅगन येण्याआधी डाव संपवला. दुसऱ्यांदा ड्रॅगन उतरला, आणि भाच्याच्या लाल-हिरव्या डेकमध्ये त्याला मारण्याचे साधनच नसल्यामुळे भाचा हरला.

कावूचीही एक खोट या तपासणीत दिसली. त्याचा घाव ऐच्छिक नाही. समोर एकही क्रीचर नसेल तर तो आपल्याच क्रीचरला, आणि आपलेही दुसरे कुणी नसेल तर स्वतःलाच घालावा लागतो, आणि दोन सोसणारा कावू त्यात मरतो. समोरच्याने थोडीच क्रीचर ठेवली असतील तर कावूही हातात अडकतो. मात्र क्यूबच्या ड्राफ्टमध्ये समोर एकही क्रीचर नाही अशी वेळ क्वचित येते, आणि सहाऐवजी पाचच लँड आल्या ही वेळ वारंवार येते. माझा कौल कावूकडे आहे, पण सुरुवातीला वाटला होता तितक्या मोठ्या फरकाने नाही.

मला अधिक खटकलेली गोष्ट त्या पहिल्या निवडीनंतरची होती. भाच्याच्या न खेळलेल्या एकवीस कार्डांत मी हात घातला तेव्हा त्यांत ‘लानोवार एल्व्ह्ज’ आणि ‘रँपंट ग्रोथ’ ही दोन हिरवी कार्डे निघाली. पहिले एक मानाचे, एक मारणारे, एक सोसणारे क्रीचर आहे, जे दर टर्नला एक माना देते. दुसरे दोन मानाचा मंत्र आहे, जो डेकमधून एक मूळ लँड थेट टेबलावर आणतो. भाच्याने ती बाजूला ठेवली होती, कारण “त्यांनी कुणाला मारता येत नाही”. त्यांच्या जागी त्याने दोन मानाची धावून जाणारी क्रीचर घातली होती, आणि तशा डेकला कमी लँड पुरतात म्हणून सतरावी लँडही काढली होती. म्हणजे डेकमध्ये ड्रॅगन ठेवून, ड्रॅगनला टेबलावर आणणाऱ्या तिन्ही गोष्टी त्याने एकेक करून बाहेर काढल्या होत्या. ड्रॅगन घेतल्याबद्दल मी त्याला बोललो नसतो. ड्रॅगन घेऊन त्याच्या गरजा विसरल्याबद्दल मात्र बोललो.

जेवणानंतर त्याच ४५ कार्डांतून डेक पुन्हा बांधला. तीन धावरी क्रीचर काढली, सतरावी लँड, एल्व्ह्ज आणि रँपंट ग्रोथ घातली. ड्रॅगनच्या कार्डावरचे एकही अक्षर बदलले नव्हते, पण आता तो पाचव्या टर्नलाही येऊ शकत होता, आणि आधीच्या डेकमधला ३१ टक्क्यांचा आकडा नुसत्या एका लँडने ३९ वर गेला होता. उरलेली दोन कार्डे त्यात आणखी भर घालणार होती. किंमत अशी की सुरुवातीचे टर्न हळू झाले. पांढऱ्या वेगवान डेकसमोर हा बदल त्याला महाग पडेल, मावसबहिणीच्या डेकसमोर फायद्याचा ठरेल, असे आमचे दोघांचे मत पडले.

मावसबहिणीचे म्हणणे शेवटपर्यंत कायम राहिले, आणि मला ते पटते : पहिली निवड करताना उरलेली चव्वेचाळीस कार्डे कोणती असतील हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून अशा वेळी जे कार्ड आपल्याकडून कमी मागते तेच घ्यावे. कावू चार लँड मागतो आणि समोर एक क्रीचर मागतो. ड्रॅगन सहा लँड मागतो, त्यांतील दोन लाल मागतो, एक निर्वेध टर्न मागतो आणि तोवर आपण जिवंत असावे हेही मागतो. दुसऱ्या पाकिटातून निवड करताना, एल्व्ह्ज आणि ग्रोथ आधीच हातात असताना हाच ड्रॅगन समोर आला असता, तर तिनेही तो घेतला असता, असे ती म्हणाली.

भाच्याने ते मान्य केले नाही. पुढच्या रविवारीही पहिल्या निवडीत ड्रॅगन दिसला तर आपण तोच घेऊ, पण एल्व्ह्ज चौथ्या निवडीपर्यंत उचलू, असे त्याने सांगितले. आणि वहीत प्रत्येक डावापुढे त्याने एक नवा रकाना आखला आहे : ‘किती टर्न हातात राहिला’.